मुरमाच्या धावपट्टीवर प्रॉपेलर कसा सांभाळायचा: कच्च्या पट्टीवर पहिल्यांदा जाणाऱ्या वैमानिकांसाठी

बारामती, धुळे किंवा कऱ्हाडला उडायला शिकलेल्या वैमानिकाच्या चाकाखाली बहुतेक वेळ डांबरच असतं. माझंही तसंच झालं. पुढे ऑस्ट्रेलियाचा परवाना मिळवला आणि पहिली नोकरी लागली ती डार्विनला, सेसना २०६ या एका इंजिनाच्या लहान विमानावर. डार्विनच्या पूर्वेला आर्नहेम लँड हा आदिवासींच्या मालकीचा विस्तीर्ण मुलूख आहे. तिथल्या दूरदूरच्या वस्त्यांवर किराणा, टपाल, नर्स, शिक्षक, कधी दुरुस्तीचं सामान असं सगळं छोट्या विमानातून जातं. पावसाळ्यात रस्ते महिनोन्‌महिने पाण्याखाली असतात, त्यामुळे विमानाशिवाय इलाज नसतो. मोठ्या गावांच्या पट्ट्या पक्क्या आहेत, लहान वस्त्यांच्या मात्र मातीच्या आणि मुरमाच्या.

मी रत्नागिरीची. पहिल्यांदा अशा पट्टीवर उतरून दार उघडलं, तर खाली आमच्याकडचा जांभा! तसाच तांबडा, पावलाखाली तसाच करकरणारा. फक्त तिथे तो चिऱ्यासारखा सलग नसतो. वाटाण्याएवढ्या गोल, वजनदार गोट्या सुट्या होऊन पसरलेल्या असतात. त्या ओळखीच्या मातीमुळे मी निर्धास्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात चूक केली. डांबरावर शिकवलं होतं तसं पट्टीच्या टोकाला ब्रेक दाबून उभी राहिले आणि सगळा रन-अप, म्हणजे टेकऑफआधी इंजिनाला जोर देऊन करायची तपासणी, सावकाश, नीट केला. संध्याकाळी डार्विनला परतल्यावर इंजिनीअरने पात्याच्या धारेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि टोकापासून चार बोटांवर थांबला. तिथे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी खाच होती. "रन-अप कुठे उभं राहून केलास?" एवढंच त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी ते विमान गेलं नाही. एका वस्तीवरच्या शाळेत जायची शिक्षिका सकाळपासून विमानतळावर बसून राहिली.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं २०६ ची आणि उत्तर ऑस्ट्रेलियाची आहेत, पण कच्ची पट्टी कुठलीही असली तरी दगड तसाच वागतो. तुमच्या विमानाचं फ्लाइट मॅन्युअल आणि कंपनीची कार्यपद्धती वेगळं सांगत असेल तर त्यांचंच ऐकायचं.

१. दगड प्रॉपपर्यंत पोचतो कसा, हे आधी समजून घ्या

बहुतेकांना वाटतं की पुढचं चाक दगड उडवतं आणि तो प्रॉपला लागतो. तसंही होतं, पण कमी वेळा. चाकाने उडवलेले दगड जास्त करून मागे जातात आणि पोट, अँटेना, मागच्या शेपटीची पुढची कड फोडतात. प्रॉपचं खरं नुकसान प्रॉप स्वतःच करून घेतो.

विमान उभं असताना इंजिनाला जोर दिला की प्रॉप चहूबाजूंनी हवा ओढतो, जमिनीकडूनही. जमीन जवळ असल्यामुळे त्या ओढीत एक लहान भोवरा तयार होतो. त्याचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं फिरणाऱ्या पात्यांत असतं. वैशाखात मोकळ्या माळावर धुळीची वावटळ उठते, तसाच हा असतो. जमीन ओली असेल तर दिसतोही: पाण्याची बारीक दोरी वर चढताना दिसते. कोरड्या मुरमावर तो दिसत नाही, पण गोट्या उचलतो आणि थेट पात्यांच्या वाटेत आणून सोडतो.

आता आकडे बघा. जुन्या २०६ चा तीन पात्यांचा प्रॉप सुमारे ८० इंच व्यासाचा असतो आणि टेकऑफला मिनिटाला २८५० फेरे घेतो. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास, ताशी जवळजवळ १,१०० किलोमीटर वेगाने जातं. रन-अपच्या १,७०० फेऱ्यांना तेच टोक ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या घरात असतं आणि ८०० फेऱ्यांना तीनशेच्या. धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून फेरे दुप्पट झाले की मार चौपट. दगड जागेवरच असतो, पातं येऊन त्याच्यावर आदळतं.

विमान पुढे सरकू लागलं की समोरून येणारी हवा हा भोवरा मोडते. तो जमिनीला धरून राहू शकत नाही, मागे वाहून जातो. शिवाय ज्या जागेवरचे दगड तो उचलू पाहतो ती जागा तोवर मागे पडलेली असते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा गाभा एकच आहे: चाकं फिरत नसताना इंजिनाला जोर द्यायचा नाही. सेसना १७२ च्या हँडबुकमध्येही हेच लिहिलेलं आहे. खडीवरून निघताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) हळू पुढे न्या, म्हणजे फेरे वाढण्याआधी विमान सरकू लागेल आणि खडी प्रॉपमध्ये न खेचली जाता मागे फेकली जाईल. शिकताना मी हे वाचलं होतं, पण डांबरावर त्याचा अर्थ लागला नव्हता.

बोइंग ७३७-२०० कॅनडात आणि अलास्कात खडीच्या धावपट्ट्यांवर उतरायचं, तेव्हा त्यालाही याच भोवऱ्याचा त्रास होता. त्यासाठी पुढच्या चाकाला दगड अडवणारी फळी असे आणि इंजिनाच्या तोंडाखाली एक नळी काढलेली असे. तिच्यातून दाबाची हवा खाली सोडून भोवरा तयार होण्याआधीच मोडत. आपल्या लहान विमानाला अशी नळी नसते. ते काम आपल्या उजव्या हाताला थ्रॉटलवर करावं लागतं.

२. निघण्याआधी पट्टीची चौकशी करा

ऑस्ट्रेलियात विमानतळांची माहिती एर्सा नावाच्या पुस्तिकेत असते. लहान वस्त्यांच्या पट्ट्या पुष्कळदा तिच्यात सापडत नाहीत, किंवा सापडल्या तरी पृष्ठभागाबद्दल एखादा शब्दच असतो. म्हणून फोन करा. पट्टीची देखभाल करणाऱ्या माणसाशी बोला, ऑफिसात बसलेल्याशी नव्हे.

"पट्टी ठीक आहे ना?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो" असंच येतं. त्याऐवजी हे विचारा:

- ग्रेडर शेवटचा कधी फिरवला? त्यानंतर रोलर फिरला का?
- ग्रेडरने कडेला किंवा मध्ये सुट्या मुरमाची लांब रांग सोडली आहे का?
- दोन्ही टोकांपैकी कुठलं टोक जास्त कडक आहे?
- शेवटचा पाऊस कधी झाला? गाडी चालवली तर चाकाचा ठसा किती खोल उमटतो?
- गेल्या आठवड्यात कुठलं विमान आलं होतं?

ग्रेडर नुकताच फिरला असेल तर नवखा वैमानिक खूश होतो, कारण वरून पट्टी आरशासारखी दिसते. पण दाबून बसलेला थर खरवडला गेल्याने सगळे दगड सुटे झालेले असतात. ग्रेडर फिरला आणि रोलर फिरला नाही, अशी पट्टी प्रॉपसाठी सगळ्यांत वाईट. दोन-तीन पाऊस पडून, गाड्या फिरून ती परत बसते, तोवर जपून.

जुन्या वैमानिकांच्या वह्या मागून घ्या. आमच्याकडे प्रत्येक पट्टीचं एक पान आहे: वरून काढलेला फोटो, उतार कुठे, वारुळं कुठे, गुरं कुठून येतात. त्यात मी स्वतः एक रकाना वाढवला, "रन-अप कुठे करायचा".

३. सोबत काय ठेवायचं

कागदपत्रं:

- फ्लाइट मॅन्युअल आणि त्यातले टेकऑफ-लँडिंगच्या अंतराचे तक्ते
- विमानाचं मेंटेनन्स रिलीज (देखभालीचा आणि बिघाडांच्या नोंदींचा कागद), आधीच्या नोंदी वाचलेलं
- पट्टीचं पान आणि मालकाची परवानगी. आर्नहेम लँडमध्ये जाणाऱ्याला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, तो प्रवाशांकडेही आहे का ते बघा
- कंपनीची कच्च्या पट्टीसाठीची कार्यपद्धती

वस्तू:

- टॉर्च आणि मऊ सुती फडकं
- टायरचा दाब मोजायचं यंत्र
- मोजपट्टी
- टो-बार (पुढच्या चाकाला लावून विमान हाताने ओढायचा दांडा) आणि चाकांना लावायच्या पाचरी
- कडक काड्यांचा झाडू. माझ्याकडे आईने नारळाच्या हिरांचा बांधून दिलेला खराटा असता तर जास्त बरं झालं असतं, पण लाकूड आणि झाडपाल्याच्या वस्तू ऑस्ट्रेलियात तपासणीशिवाय आणू देत नाहीत. इथल्या दुकानातला अंगणाचा झाडू चालतो.
- फोन, पात्यांचे फोटो काढायला

कानस सोबत ठेवू नका. त्याचं कारण नवव्या पायरीत सांगते.

४. इंजिन सुरू करण्याआधी विमानाभोवती फिरताना

आधी स्विच बंद, किल्ली काढून डॅशबोर्डवर, इंधनाच्या मिश्रणाचा दांडा मागे ओढलेला. तरीही प्रॉप कुठल्याही क्षणी फिरेल असंच धरून वागा. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) एखादी तार तुटलेली असली तर हाताने थोडा फिरवलेला प्रॉपसुद्धा इंजिन पेटवू शकतो. पातं बघायला प्रॉप फिरवू नका, तुम्ही त्याच्याभोवती फिरा.

पुढची धार बघायला डोळा पुरत नाही. प्रत्येक पात्याच्या धारेवरून बुडापासून टोकापर्यंत नख फिरवा, मग सुती फडकं हलकेच ओढा. फडक्याचा एखादा धागा जिथे अडकेल तिथे टॉर्च तिरकी धरून बघा. बाहेरच्या एक तृतीयांश भागाला सगळ्यांत जास्त वेळ द्या, दगडांचा मार तिथेच बसतो. पात्याची मागची बाजूही बघा. ती वैमानिकाच्या डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून काळी रंगवलेली असते आणि तिच्यावरचे टवके लगेच दिसतात.

मग पुढचा टायर आणि स्ट्रट, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा वायू भरलेला दांडा. प्रॉप आणि जमीन यांतलं अंतर या दोघांवरच अवलंबून असतं. पुढे चाक असलेल्या लहान विमानांसाठी अमेरिकेच्या नियमांनी किमान ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर अंतर ठरवलं होतं. मागे चाक असलेल्यांसाठी ते ९ इंच होतं. पण हे अंतर टायरचा दाब आणि स्ट्रट ठीक असताना मोजलेलं. स्ट्रटमधला वायू गळून तो खाली बसला असेल तर चार-पाच सेंटिमीटर तिथेच जातात, आणि खड्ड्यात चाक गेल्यावर आणखी. भोवरासुद्धा जमीन जवळ आली की जोर धरतो. मी मोजपट्टी याचसाठी ठेवते. एकदा आपल्या विमानाचं नीट भरलेल्या अवस्थेतलं अंतर मोजून वहीत लिहा, म्हणजे पुढे कमी झालं की कळेल.

काही २०६ ना मोठा पुढचा टायर आणि मजबूत फोर्क बसवलेला असतो. नोकरी शोधताना कंपनीची विमानं बघायला मिळाली तर हे जरूर बघा. कच्च्या पट्टीवर रोज जाणाऱ्या कंपनीच्या विमानांना लहान टायर आणि चाकांवर चकचकीत आवरणं दिसली, तर तिथे देखभालीकडे किती लक्ष असेल याचा अंदाज येतो.

शेवटी टो-बार काढला का ते बघा. पुढच्या चाकाला टो-बार तसाच ठेवून इंजिन सुरू केल्याने फुटलेले प्रॉप कमी नाहीत. मी टो-बार काढला की सामानाच्या कप्प्यात ठेवून दार लावते आणि मगच पुढच्या कामाला जाते. मध्ये कुणी हाक मारली तरी आधी तो आत जातो.

५. सुरू करणं आणि टॅक्सी (जमिनीवरून चालवणं)

विमान उभं करतानाच परत निघायचा विचार करा. उतरल्यावर जागा निवडताना कडक जमीन किंवा आखूड गवत बघा. नाक मोकळ्या बाजूला, शक्य तर किंचित उताराकडे. चाकं रेतीत रुतणार नाहीत अशी जागा हवी. गवतात मात्र आधी चालून बघा. तिथे लपलेला दगड किंवा वारूळ हे उघड्या मुरमापेक्षा वाईट.

निघताना विमानाच्या पुढचा आणि प्रॉपखालचा दोन-तीन मीटरचा पट्टा झाडून घ्या. पाच मिनिटं लागतात. प्रवासी बघत असतात, बघू द्या. वस्तीवरची मुलं मदतीला धावून येतात, त्यांना इंजिन सुरू होण्याआधी दूर, विमानाच्या एका बाजूला एखाद्या मोठ्या माणसाच्या ताब्यात उभं करा.

सुरू करताना थ्रॉटल कमीत कमी. इंजिन पेटल्यावर फेरे एकदम वर जाऊ देऊ नका, गरम इंजिनात हे हमखास होतं. पेटलं की लगेच ८०० च्या आसपास आणा. कार्ब्युरेटर असलेल्या विमानात जमिनीवर कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) लावू नका, कारण ती हवा गाळणीतून येत नाही आणि धूळ थेट इंजिनात जाते.

सरकताना:

- आधी ब्रेक सोडा, मग थ्रॉटल. आपोआप सरकलं तर उत्तम.
- माणूस चालतो तेवढाच वेग ठेवा.
- योक (नाक वर-खाली करायचं सुकाणू) पूर्ण मागे, म्हणजे पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि प्रॉप वर राहतो. मागून जोराचा वारा असेल तर मात्र वाऱ्याचा नियम पाळायचा आणि योक पुढे. दगडापेक्षा विमान उलटणं मोठं.
- एका चाकाचा ब्रेक धरून जागच्या जागी वळू नका. ते चाक मुरूम उकरतं आणि ढीग करून ठेवतं.
- सुट्या खडीचा पट्टा समोर आला तर त्याच्या आधी थोडा वेग घ्या आणि तो थ्रॉटल बंद ठेवून ओलांडा.

चाक रुतलं तर? इथे सगळ्यांची परीक्षा होते, माझीही झाली. उशीर झालेला असतो, प्रवासी बसलेले असतात आणि हात थ्रॉटलकडे जातो. तसं करू नका. जोर लावून विमान बाहेर काढणं म्हणजे पुढचं चाक आणखी खाली, प्रॉप जमिनीच्या जवळ आणि पूर्ण ताकदीचा भोवरा, हे सगळं एकाच वेळी. इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, फावड्याने चाकापुढची माती काढा, टो-बार लावून ढकला. वीस मिनिटं जातील.

६. रन-अप कुठे आणि कसा

कच्च्या पट्टीवर प्रॉप सगळ्यांत जास्त रन-अपमध्येच मार खातो, म्हणून जागा विचार करून निवडा.

पहिली पसंती म्हणजे रन-अप कच्च्या पट्टीवर करायचाच नाही. दिवसाचा पहिला पूर्ण रन-अप, प्रॉपचे फेरे कमी-जास्त करून बघण्यासकट, डार्विनच्या डांबरावर होतो. वस्तीवर अर्धा तास थांबून परत निघताना किती तपासणी पुन्हा करायची हे कंपनीच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं असतं. ते पाठ असू द्या आणि त्याहून कमी करू नका. प्रॉप वाचवायला मॅग्नेटोची तपासणी गाळणं हा सौदा मला मान्य नाही.

दुसरी पसंती: जिथे गोट्या नाहीत अशी जागा. काही पट्ट्यांवर काँक्रीटचा चौकोन असतो, काही ठिकाणी पावसाने धुऊन निघालेला जांभ्याचा सलग कातळ सापडतो. रत्नागिरीकरांना तो लांबून ओळखता येईल. तिथे झाडू मारा, तोंड वाऱ्याकडे करा, लागेल तेवढेच फेरे, लागेल तेवढाच वेळ.

तिसरी: चालता चालता. लांब सरळ टॅक्सीच्या पट्ट्यावर, किंवा पट्टीवरून मागे जाताना, विमान सरकत असताना फेरे वाढवायचे, मॅग्नेटो बघायचे, परत खाली आणायचे. डोळे आत आणि विमान पुढे असा हा प्रकार असल्यामुळे पहिल्या वेळी प्रशिक्षकाशिवाय करू नका. दुसरा वैमानिक असेल तर एकाने बाहेर बघायचं, एकाने आत. विमान ब्रेकने अडवून धरायचं नाही. वेग वाढू लागला की तपासणी थांबवायची आणि पुन्हा सावकाश करायची.

आणि पट्टीचं टोक? तिथे मुळीच नको. प्रत्येक विमान तिथेच वळतं, तिथेच जोर देतं, म्हणून तिथला थर कायम उकरलेला असतो. मी माझी खाच तिथूनच घेऊन आले होते.

७. टेकऑफ

सगळ्या तपासण्या टोकाला पोचण्याआधी संपवा. टोकाला मोठं, गोल वळण घ्या आणि न थांबता तसंच सरळ होऊन निघा. टाकीत इंधन कमी असताना वळणात लगेच जोर देऊ नका. इंधन टाकीच्या एका बाजूला जातं आणि नळीत हवा शिरू शकते. जास्त भरलेली टाकी निवडा आणि सरळ झाल्यावरच थ्रॉटल पुढे न्या.

थ्रॉटल हळू, पण न थांबता. माझी मोजणी अशी: विमान सरकतंय हे जाणवेपर्यंत जेमतेम, मग पाच-सहा सेकंदांत पूर्ण. योक मागे, पुढचं चाक लवकर हलकं होऊ द्या. पूर्ण जोर आल्यावर नेहमीसारखे आकडे बघा: फेरे, दाब, इंधनाचा प्रवाह, वेग वाढतोय का.

इथे एक सापळा आहे आणि तो प्रॉपच्या नुकसानीपेक्षा गंभीर आहे. मॅन्युअलमधलं आखूड पट्टीचं टेकऑफचं अंतर ब्रेक धरून, पूर्ण जोर देऊन, मग ब्रेक सोडून मोजलेलं असतं. आपण तर सरकत जोर देणार, म्हणजे अंतर वाढणार. कोरड्या गवतासाठी सेसना जमिनीवरच्या धावेत १५ टक्के वाढवायला सांगते. सुट्या मुरमासाठी आणि सरकत्या सुरुवातीसाठी तुमच्या कंपनीने जी भर ठरवली असेल ती त्यात धरा. उष्णता, वजन, चढ हे आहेच. हिशोबात पट्टी पुरत नसेल तर सामान उतरवा, प्रवासी दोन फेऱ्यांत न्या, किंवा पहाटेच्या थंड हवेसाठी थांबा. आखूड पट्टीवर प्रॉप वाचवायला हळू सुरुवात करायची आणि तरी वजन तेवढंच ठेवायचं, हे कधीही करू नका. पट्टीचा अर्धा भाग संपेपर्यंत किती वेग असायला हवा ते आधी ठरवा, नसेल तर थ्रॉटल बंद.

८. लँडिंग

लँडिंगमध्ये प्रॉपला धोका कमी, कारण थ्रॉटल बंद असतो आणि विमान वेगात असतं. शेपटीला आणि पोटाला मात्र तेव्हाच मार बसतो. मागच्या दोन चाकांवर उतरा, नाक जमेल तितका वेळ वर धरा आणि मग हळूच खाली टेकवा. लांबी पुरेशी असेल तर ब्रेक जवळजवळ लावूच नका, वेग आपोआप कमी होऊ द्या.

उतरण्याआधी एकदा वरून नीट बघून घ्या: गुरं, रानम्हशी, वॉलबी (लहान कांगारू), पाण्याची डबकी. डबक्यातलं पाणीसुद्धा पात्याची धार खातं, त्या वेगाला पाण्याचा थेंब मऊ राहत नाही.

थांबण्याआधीच परत वळायची जागा हेरा आणि वेग शिल्लक असतानाच वळा. थांबलात तर पुन्हा हलायला जोर लागणार.

पुढे सेसना कॅरॅव्हॅनसारख्या टर्बाइन विमानावर गेलात तर पात्यांचा कोन उलटा करून वेग मारायचा मोह होतो. सुट्या मुरमावर वेग कमी होत आला की ते बंद करा, कारण उलट्या प्रवाहात सगळी खडी पुढे उडते आणि विमान तिच्यात शिरतं.

९. खाच सापडली तर

आधी हे लक्षात घ्या की लहान खाच दिसायला लहान असते, परिणामाने नाही. फिरणाऱ्या पात्याला बाहेर खेचणारं बळ कित्येक टनांचं असतं, आणि त्यावर दर फेऱ्याला थरथर. ॲल्युमिनियमच्या सलग धारेवर हा ताण पसरून जातो. टोकदार खाच असली की तो तिच्या तळाशी एकवटतो, तिथून केसाएवढा तडा सुरू होतो आणि आत सरकतो. पात्याचा तुकडा उडाला तर उरलेल्या प्रॉपचा तोल इतका जातो की इंजिन आपल्या बैठकीतून उखडू शकतं.

म्हणून:

- फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. टोकापासूनचं अंतर आणि कुठलं पातं ते लिहा.
- मेंटेनन्स रिलीजमध्ये नोंद करा आणि कंपनीला फोन करा. वस्तीवर असाल तरी, तिथूनच. फोटो पाठवा आणि विमान उडवायचं की नाही हे इंजिनीअरला ठरवू द्या.
- कानशीने स्वतः घासू नका. परवानाधारक इंजिनीअर, इथे ज्याला सगळे लेम म्हणतात, तोच हे काम करतो. तो खाचेच्या तळापर्यंत धातू काढून तिचा उथळ, बशीसारखा आकार करतो, पात्याच्या लांबीच्या दिशेने पॉलिश करतो, तडा उरला का ते तपासतो, उत्पादकाने दिलेल्या मापांत पातं बसतंय का ते मोजतो आणि वर संरक्षक थर देतो. आडवी मारलेली कानस स्वतःच नवी खाच होते.
- हातोडीने ठोकून धार सरळ करणं, फट भरणं, वरून रंग लावणं, हे कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. रंगाखाली गेलेली खाच पुढच्या वैमानिकाला दिसत नाही.

प्रॉप जमिनीला किंवा कशालाही लागला, मग इंजिन बंद पडलेलं असो वा नसो, तर ते विमान तिथून उडवायचं नाही. लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल या दोन्ही इंजिन-कंपन्यांच्या सूचनांनुसार अशा धक्क्यानंतर इंजिन उघडून आतले भाग तपासावे लागतात. पातं सरळ दिसतं म्हणून आतला क्रँकशाफ्ट शाबूत आहे असं होत नाही.

नव्या वैमानिकांना वाटतं की खाच दाखवली तर नोकरीवर येईल. मलाही वाटलं होतं. पण लपवलेली खाच दुसऱ्या कुणाच्या तरी पुढे फिरत असते. जी कंपनी खाच सांगितल्याबद्दल रागावते, तिथे थांबू नका.

धारेवर चिकटवायच्या पारदर्शक पट्ट्या मिळतात. प्रॉपच्या उत्पादकाची मान्यता असेल आणि इंजिनीअरने लावल्या असतील तरच त्या ठेवा. अर्धवट सुटलेली पट्टी तोल बिघडवते आणि तिच्याखाली ओल साचून गंज धरतो. लाकडी गाभ्याच्या कंपोझिट पात्यांना, उदाहरणार्थ जर्मनीच्या एमटी कंपनीच्या, धारेवर धातूचं कवच असतं आणि ती खडीला चांगली टिकतात. त्यांची तपासणी वेगळी असते: नाण्याने हलकेच टकटक करून आवाज बद्द येतो का ते ऐकतात. शिकून घ्या, अंदाजाने करू नका.

१०. पावसाळ्याआधी आणि नंतर

उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पहिल्या सरी पडल्या की धूळ बसते आणि पट्टी चार दिवस छान कडक होते. मग ती मऊ होते, चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि त्या तशाच वाळतात. अशी चाकोरी पुढच्या चाकाला खाली नेते, म्हणून चाकोरी पुढचं चाक आणि बाजूचं चाक यांच्या मध्ये ठेवून चाला. पाऊस संपल्यावर मे महिन्यात सगळीकडे ग्रेडर फिरतात आणि दुसऱ्या पायरीत सांगितलेली सुटी खडी तयार होते. त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी पात्यांचे फोटो काढते आणि कालच्या फोटोंशी ताडून बघते.

पट्टीवरून आलात की दुसऱ्या दिवशी जाणाऱ्याला त्याच रात्री दोन ओळी पाठवा. मला मिळालेली आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली ओळ अशी होती: "पूर्वेच्या टोकाला नवा मुरूम टाकलाय, रोलर नाही. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या काठीच्या समोर कातळ आहे, रन-अप तिथे. झाडू पेट्रोलच्या पिंपामागे ठेवलाय."